जोकर : तुमची सहानुभूती कुठल्या प्रसंगाला सुटली?

सोनकी

(दोन्ही भागांतलं कथानक या धाग्यात उघड होणार आहे. पाहायचे असतील तर आधी पाहून या.)

हॉलिवूडचा 'जोकर' हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो २०१९ च्या २ ऑक्टोबरला, लागला त्याच दिवशी, पुण्यात. गेल्या आठवड्यात घरी पुन्हा पाहिला. तेव्हापासून एक प्रसंग डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

सिनेमाचा नायक आर्थर, तोच पुढे जोकर होतो. त्याची आई गेली आहे. त्याचे विदूषकाचं काम करणारे दोन सहकारी, रँडल आणि गॅरी, भेटायला येतात. आर्थर तोंडाला पांढरा रंग फासून बसलाय. रँडलला काळजी आहे ती पोलीस चौकशीची, कारण पिस्तूल त्यानंच दिलेलं. गॅरी मात्र खरोखर सांत्वनाला आलाय. आर्थर कात्रीनं रँडलला मारतो, अगदी गॅरीच्या डोळ्यांदेखत. मग भिंतीला टेकून बसतो आणि गॅरीला म्हणतो, तू जा. गॅरी थरथरत दारापाशी जातो. दाराला वरच्या बाजूला साखळी लावलेली आहे. गॅरी ठेंगणा आहे, त्याचा हात साखळीपर्यंत पोचत नाही. त्याला मागे वळून, ज्यानं आत्ता खून केला त्यालाच म्हणावं लागतं की बाबा, एवढी साखळी काढून दे.

तेव्हा थिएटरात हशा पिकला होता. मीही हसले होते. या वेळी घरी एकटीनं पाहिलं आणि हसू आलं नाही, पोटात गोळा आला.

माझी बाजू आधीच सांगते. माझ्या मामाला स्किझोफ्रेनिया आहे, सव्वीस वर्षं झाली. तो कधीकधी एकटाच हसतो. साताऱ्याला आजोळी गेलं की गल्लीतली पोरं त्याच्या मागे हसत चाललेली मी लहानपणी पाहिली आहेत. त्यामुळे आर्थरच्या हातातली पाटी पोरं पळवतात आणि त्याला बोळात तुडवतात, किंवा बसमध्ये हसू आवरत नाही म्हणून तो त्या बाईपुढे कार्ड धरतो, तिथं मी पूर्णपणे त्याची झाले. भुयारी रेल्वेत त्यानं तिघांना मारलं तेव्हाही मी त्याच्या बाजूनं होते. पहिले दोघं मारहाण करत होते, ठीक. पण तिसरा लंगडत पळत होता, आर्थर त्याच्या मागे जाऊन फलाटावरच्या जिन्यात त्याला गोळ्या घालतो. मी तेही चालवून घेतलं. आईच्या तोंडावर उशी दाबली तिथंही मी कारण शोधलं. सुटले ती साखळीपाशी.

कारण अख्ख्या सिनेमात सगळ्यांची टिंगल सोसूनही नीट वागलेला माणूस कोण, तर गॅरी. आणि आर्थरच्या दुःखात आपण इतके बुडालेलो असतो की गॅरी आपल्याला दिसतच नाही. दिसतो तेव्हा आपण हसतो.

तुमची सहानुभूती कुठे सुटली? की सुटलीच नाही? अभिनय, छायाचित्रण यावर खूप लिहून झालंय, मला या प्रश्नाची उत्तरं हवी आहेत.

आडवाट

माझी सुटली नाही. टीव्हीवरचा सूत्रसंचालक मरे फ्रँकलिन, त्याला गोळी घातली तिथंही नाही.

मरेनं काय केलं बघा. एका छोट्या क्लबात एक माणूस पहिल्यांदाच विनोद सांगायला उभा राहतो, त्याला हसण्याचा झटका येतो, त्याची ती फीत मिळवून मरे लाखो लोकांपुढे दाखवतो. मग लोकांना मजा वाटली म्हणून त्यालाच बोलावतो. ज्याला आर्थर मनातल्या मनात बाप मानत होता तो हा माणूस. शाळेत मला तोतरं बोलण्यावरून बाई सगळ्या वर्गापुढे पुन्हा पुन्हा तेच वाक्य वाचायला लावायच्या. वर्ग हसायचा. चाळीस वर्षं झाली, अजून ते वाक्य पाठ आहे. त्यामुळे मरेचा शेवट बघताना माझ्या मनात काय आलं ते मी इथं खोटं सांगणार नाही.

गॅरीबद्दल तुम्ही लिहिलंय ते वाचून मात्र थांबलो. मला तो प्रसंग आठवत होता तो "आर्थरनं त्याला सोडून दिलं" एवढाच.

तिसरी घंटा

मी हौशी रंगभूमीवर काम करते, म्हणून शरीराबद्दल थोडं लिहिणारच, सोनकी, रागावू नका. तुमच्या प्रश्नाकडेच येते आहे.

हॉकिन फिनिक्सनं या भूमिकेसाठी ५२ पौंड, म्हणजे साधारण २४ किलो वजन उतरवलं. ते आकडे सगळ्यांनी वाचलेत. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याचं हसणं. तीन वेगळी हसणी आहेत. एक आजारातलं, जे घशात अडकतं आणि रडण्यासारखं दुखतं. दुसरं चारचौघांत मिसळण्यासाठी काढलेलं खोटं. तिसरं अगदी शेवटी, अर्कम या मनोरुग्णालयातलं, तेवढंच त्याचं स्वतःचं. आता दुसरं हसणं आठवा: रँडल गॅरीच्या उंचीवरून विनोद करतो, सगळे हसतात, आर्थरही मोठ्यानं हसतो. बाहेर बोळात येताच त्याचा चेहरा एका क्षणात कोरा होतो. म्हणजे गॅरीवर तोही हसलाय. आत ओलावा नव्हता, पण गॅरीला ऐकू काय गेलं? हसूच ना.

स्वच्छतागृहातला नाच तर जागच्या जागी सुचलेला. हिल्दूर गुदनादोत्तिर या आइसलंडच्या संगीतकर्तीनं चित्रीकरणाआधीच संहितेवरून चेलोचे तुकडे करून दिले होते, त्यातला एक दिग्दर्शक टॉड फिलिप्सनं तिथं वाजवला आणि फिनिक्स हलायला लागला. खून केल्यावरचा तो नाच इतका सुंदर आहे की आपण त्या देखणेपणालाच फसतो. माझी सहानुभूती सुटली ती इथं. मला भीती वाटली, त्याची नाही, मला ते आवडत होतं याची.

आपल्याकडे अपमानातून उभा राहिलेला असा माणूस 'घाशीराम कोतवाल'मध्ये आहे. पुण्यात आलेला परका, चोरीचा आळ, मार, शपथ, मग पोटच्या मुलीच्या बदल्यात कोतवाली. आर्थरसारखंच सगळं. पण तेंडुलकरांनी घाशीरामला एकटं असं फारसं सोडलेलंच नाही. समोर ती ब्राह्मणांची भिंत सतत नाचते आहे, गाते आहे, आपण घाशीरामकडे तिच्या फटीतूनच बघतो. 'जोकर'मध्ये उलट आहे. एकदोन जागा सोडल्या तर प्रत्येक प्रसंगात आर्थर आहे, कॅमेरा त्याच्या मानेजवळ. आर्थरशिवाय दुसऱ्या कोणाच्या घरात आपण जातच नाही. गॅरी त्या दारातून बाहेर पडल्यावर कुठे गेला, त्या रात्री जेवला का, झोपला का, आपल्याला विचारावंसंही वाटत नाही.

पैलतीर

न्यू जर्सीहून. तो प्रसिद्ध जिना ब्राँक्समध्ये आहे, १६७ व्या रस्त्यालगत, शेक्सपिअर आणि अँडरसन अव्हेन्यूंच्या मध्ये. सिनेमा आल्यावर तिथं लाल कोट घालून नाचणाऱ्यांची गर्दी व्हायला लागली. आम्हीही पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. एक म्हातारी बाई दोन्ही हातांत किराणा घेऊन चढत होती आणि फोटो काढणारे बाजूला होत नव्हते. तिच्यासाठी तो रोजचा घरचा रस्ता आहे. मला तेव्हा लाज वाटली, आता हा धागा वाचताना पुन्हा वाटली.

सिनेमातलं गॉथम शहर काल्पनिक असलं तरी ते ज्यावरून उभं केलंय ते न्यूयॉर्क काल्पनिक नव्हतं. १९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या काठावर होतं. सिनेमातलं वर्ष १९८१. त्याच वर्षी रेगन सरकारनं मानसिक आरोग्य केंद्रांना केंद्राकडून थेट मिळणारा निधी बंद केला, राज्यांना कमी रकमेचं ठोक अनुदान दिलं. मोठी मनोरुग्णालयं त्याआधीच रिकामी होत आली होती. आर्थरची समाजसेविका त्याला सांगते की विभाग बंद होतोय, ही आपली शेवटची भेट. तो विचारतो, मग माझी औषधं? ते संभाषण मिनिटभराचं आहे, पण ते त्या काळाच्या पोटातून आलंय.

दुसरी गोष्ट, जी मला खटकली. रेल्वेतला गोळीबार बघताना इथल्या जुन्या लोकांना १९८४ आठवतं. बर्नहार्ड गेट्झ नावाच्या माणसानं न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत चार कृष्णवर्णीय तरुणांवर गोळ्या झाडल्या. चौघं वाचले, एक जन्माचा अपंग झाला. शहरातल्या पुष्कळ लोकांनी गेट्झला डोक्यावर घेतलं. पुढे १९८७ मध्ये ज्यूरीनं त्याला खुनाच्या प्रयत्नातून सोडलं, शिक्षा फक्त बेकायदा शस्त्राची. सिनेमात मरणारे तिघे सूटबूटातले, वेन या धनाढ्याच्या कंपनीचे गोरे नोकरदार आहेत. त्यामुळे प्रेक्षकाला टाळी वाजवणं सोपं जातं. मूळ घटनेत टाळी कोणासाठी वाजत होती हे आठवलं की माझा हात थांबतो. माझं उत्तर : तिथंच, तिसऱ्या माणसापाशी.

कोयनाकाठ

मला हा सिनेमा आवडत नाही आणि इथं सगळे चांगलं लिहितायत म्हणून मुद्दाम लिहितो.

आर्थरवर काय काय लादलंय मोजा. आजार, गरिबी, आजारी आई, मार, नोकरी जाणं, औषधं बंद, तो वेनच आपला बाप का हा घोळ, मग कळतं की लहानपणी आईच्या मित्रानं त्याला रेडिएटरला बांधून मारलं होतं. एवढं झाल्यावर त्याच्या हातून काहीही झालं तरी प्रेक्षक "बिचारा" म्हणणार. ही माझ्या मते लबाडी आहे. चांगला लेखक माणसाला निवड करायला जागा ठेवतो.

आणि मेलेल्यांची दखल कोण घेतं? शेजारच्या सोफीचं पुढे काय झालं ते सिनेमा दाखवत नाही. तिला काही केलं नाही, असं दिग्दर्शकानं नंतर मुलाखतींत सांगितलं. सिनेमात ते का नाही? तिला लहान मुलगी आहे. शेवटी अर्कममध्ये आर्थरशी बोलणारी डॉक्टरीणबाई आहे, नंतर आर्थर चालत जातो तेव्हा त्याच्या पावलांचे लाल ठसे उमटतात. त्या बाईचं नाव कोणाला माहीत आहे? ती गेली बहुतेक, आणि वर गाणं वाजतंय.

सोनकी, तुम्ही गॅरीपाशी थांबलात हे चांगलं झालं. पण दिग्दर्शकाला तुम्ही तिथं थांबायला हवं होतं याची मला खात्री नाही. त्यानं तो प्रसंग हसण्यासाठीच बसवलाय.

तिसरी घंटा

कोयनाकाठ, हसण्यासाठी बसवलाय हे मान्य. पण अख्खा सिनेमाच हसणाऱ्या प्रेक्षकांबद्दल आहे. वेन हॉलमधला प्रसंग आठवा. बाहेर लोक विदूषकाचे मुखवटे घालून निदर्शनं करतायत आणि आत शहरातले श्रीमंत उंची कपड्यांत बसून चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' बघून खदखदून हसतायत. पडद्यावर गरीब माणसाचे हाल, खाली हशा. ज्या माणसानं तो प्रसंग रचला त्याला साखळीपाशी आपण हसणार हे कळत नव्हतं, असं मला नाही वाटत.

समांतर रेषा

मी मनोविकारतज्ज्ञांबरोबर समाजसेविका म्हणून काम करते. सिनेमा आला तेव्हा पुढचे काही महिने एक प्रश्न सतत यायचा : "ताई, आमचाही असा होईल का?" एका आईनं मुलाच्या खोलीतली कात्री उचलून ठेवली होती. त्या मुलानं आयुष्यात कोणाला चिमटासुद्धा काढला नव्हता.

म्हणून स्पष्ट लिहिते. आर्थरच्या हसण्यासारखी अवस्था खरी आहे. मेंदूला मार बसल्यावर, पक्षाघातानंतर किंवा काही मज्जासंस्थेच्या आजारांत माणसाला मनात तशी भावना नसताना हसू किंवा रडू येतं आणि आवरत नाही. सिनेमानं ते डोक्याच्या जुन्या दुखापतीशी जोडलंय, ते बरोबरच आहे. पण त्या अवस्थेनं माणूस हिंसक होत नाही. आणि एकूणच गंभीर मानसिक आजार असलेले लोक दुसऱ्याला मारतात त्यापेक्षा स्वतः मार खातात, फसवले जातात, हे कितीतरी जास्त. या सिनेमाचा पहिला अर्धा तास त्या बाबतीत खरा आहे. लोकांच्या लक्षात राहतो तो शेवटचा.

आर्थर सात औषधं घेत असतो आणि ती एकदम बंद होतात. हे आमच्याकडे रोज दिसतं. कधी पैसे नसतात, कधी "आता बरं वाटतंय" म्हणून, कधी कोणी सांगतं म्हणून. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. लांबच्या तालुक्यातल्या माणसाला महिन्याच्या गोळ्यांसाठी एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं मोडावं लागतं. जिल्हा रुग्णालयांतून आता काही प्रमाणात औषधं मिळतात, तिथं चौकशी करा. आणि कोणाला बोलायचं असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात.

आर्थरनं वहीत लिहिलेलं एक वाक्य आहे, मानसिक आजारातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे तो नसल्यासारखं वागावं अशी लोकांची अपेक्षा, अशा अर्थाचं. ते मी माझ्या पेशंटांकडून वेगवेगळ्या शब्दांत ऐकलंय. त्या एका वाक्यासाठी मी या सिनेमाला पुष्कळ माफ करते.

सोनकी

समांतर रेषा, मनापासून आभार. औषधांचं तुम्ही लिहिलंत म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी एका सरकारी दवाखान्यात आजीला सांगितलं, गोळी संपली आहे, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यातही नव्हती. बाहेरून आणायची म्हणजे चिठ्ठी पाहिजे, चिठ्ठी देणारे डॉक्टर रजेवर. सतरा दिवस मामा गोळीविना होता. त्या दिवसांत त्यानं कोणाला हात लावला नाही. तो बाजेखाली जाऊन बसला होता, त्याला वाटत होतं घराचं छत खाली येतंय. आजी ताट घेऊन जमिनीवर बसून त्याला भरवायची.

पहिल्यांदा सिनेमा पाहताना "मग माझी औषधं?" हा प्रश्न ऐकून मला रडू फुटलं होतं. शेजारचा मुलगा तेव्हा मोबाईलवर काहीतरी बघत होता.

जास्वंद

माझा मुलगा सोळा वर्षांचा. सिनेमाला 'ए' प्रमाणपत्र आहे, तरी त्यानं तो कुठूनतरी पाहिलाय, आता त्याच्या फोनवर जिन्यावर नाचणारा जोकर आहे. मी रागावले नाही. काल हा धागा वाचून त्याला विचारलं, गॅरी कोण? त्याला आठवेना. सोफी? "ती गर्लफ्रेंड." ती गर्लफ्रेंड नव्हतीच, ते सगळं आर्थरच्या डोक्यात होतं, हे मी सांगितलं तर म्हणाला, हो, पण तरी. मग बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आई, सगळे हसतात ना, तेव्हा काय वाटतं ते त्यात आहे." वर्गात काही चाललंय का, विचारलं. अजून सांगितलेलं नाही. आज संध्याकाळी आम्ही दोघं मिळून तो पुन्हा बघणार आहोत.

मुक्काम पोस्ट

दुसऱ्या भागाचा विषय कोणी काढला नाही अजून. २०२४ च्या २ ऑक्टोबरला आला, लोकांनी नाकारला, पहिल्यानं शंभर कोटी डॉलरच्या वर कमावले होते, त्याचा चौथा हिस्साही यानं कमावला नाही. गाणी मलाही लांबली वाटली. पण सोनकीच्या धाग्याचं उत्तर त्यात आहे.

आर्थरवर खटला चालू आहे. त्यानं वकील काढून टाकलाय, रंग लावून स्वतःच उलटतपासणी घेतोय, गमतीचा हेल काढून बोलतोय. आणि साक्षीला येतो गॅरी. आर्थर त्याच्या आडनावावरून टिंगल सुरू करतो. गॅरी सांगतो की त्या दिवसापासून झोप लागत नाही, भीती जात नाही. आणि म्हणतो की कामाच्या ठिकाणी माझी कधी थट्टा न करणारा तू एकटाच होतास, आर्थर.

रंगाखाली आर्थरचा चेहरा ढासळतो तो तिथं. त्यानंतर आणखी एक वाईट घटना घडते तुरुंगात, आणि मग तो कोर्टात उभा राहून सांगतो की जोकर वगैरे कोणी नाही, मीच आहे, मीच मारलं. बाहेर त्याच्या नावानं ओरडणाऱ्या लोकांना ते नको असतं. त्याची प्रेयसी हार्ली त्याला सोडून जाते. मला वाटतं प्रेक्षकही याच कारणानं सोडून गेले.

आडवाट

मी दुसरा भाग पाहिला नव्हता. मुक्काम पोस्ट, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री पाहिला, गॅरीच्या साक्षीपर्यंत.

"माझी थट्टा न करणारा." तिसरी घंटांनी लिहिलंय तसं, तो हसला होता गॅरीवर. गॅरीनं एकतर ते ऐकलं नाही किंवा विसरायचं ठरवलं. मी चाळीस वर्षं वर्गाचं हसू लक्षात ठेवलंय. माझ्या बाकावर एक मुलगा होता, तो हसायचा नाही, पुस्तकातल्या ओळीखाली बोट ठेवून धरायचा म्हणजे माझी जागा चुकू नये. त्याचं नाव मला काल रात्रीपर्यंत आठवलंही नव्हतं. आता आठवलंय. उद्या शाळेच्या गटात विचारतो तो कुठे असतो ते.

मरेबद्दलचं मत बदललेलं नाही.

कोयनाकाठ

आडवाट, तुमच्या या प्रतिसादासाठी तरी सिनेमा पुन्हा बघेन. मत कळवतो.

सोनकी, मामा आता कसे आहेत?

सोनकी

बरा आहे. वजन वाढलंय गोळ्यांनी, हात थोडा थरथरतो. आजी गेली, आता मामी बघते सगळं.

आडवाटांचा बाकावरचा मुलगा वाचून मला आमच्या गल्लीतले शिंपीकाका आठवले. पोरं मामाच्या मागे लागली की ते मशीन थांबवून दुकानाच्या पायरीवर यायचे. पोरांना ओरडायचे नाहीत. मामाला म्हणायचे, "या, जरा बटणं निवडून द्या मला, डोळ्यांना दिसत नाही आताशा." आणि बटणांचा डबा त्याच्यापुढे उपडा करायचे. मामा तासन्‌तास रंगांप्रमाणे ढीग लावत बसायचा, पोरं कंटाळून निघून जायची. संध्याकाळी काका सगळी बटणं परत एकत्र करून डब्यात भरायचे. मी विचारलं होतं एकदा, का मिसळता? म्हणाले, उद्या परत लागतील ना त्याला.